आत्याचा टॅब नाव सांगत नाही

शुक्रवार, ४ जुलै

बंद हाय म्हणे! माझ्याकडे चालू, नवऱ्याच्या फोनवर चालू, रोह्यात दादाकडे चालू — आणि हन्नाआत्याकडे बंद. अख्ख्या जगात ज्या एका टॅबवर चालायलाच पाहिजे, नेमका तोच रुसून बसलाय.

झालं असं की रोह्याच्या सिनेगॉगमधलं, तिथली प्रार्थना इंटरनेटवर ऐकवणारं जुनं मशीन गेल्या आठवड्यातल्या विजांनी जळलं. म्हणून रविवारी सगळं उचलून मी इथे पेणला आणलं, आमच्या कारखान्याच्या माळ्यावरच्या मशीनवर. सासऱ्यांच्या गणपतीच्या कारखान्याची साइट त्यावर आधीपासून आहेच. एका मशीनवर दोन साइट, त्यात काय मोठं! लोक शंभर ठेवतात.

आणि आत्याचं मागणं तरी केवढं? दर शुक्रवारी संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ, माझ्या माहेरचे शेजारी सामाजीकाका, रोह्यात शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या पवित्र वाराची प्रार्थना म्हणतात. ती तिकडे इस्रायलमध्ये बसून ऐकते. डोळ्यांना आता काही दिसत नाही, त्यामुळे नुसतं ऐकणंच. आठवड्यातून तेवढंच. ते मी बंद पाडलं.

रविवार, ६ जुलै

नोआचा मेसेज. नोआ म्हणजे आत्याची नात. दुसऱ्या शहरात नर्स आहे, शुक्रवारी हमखास ड्युटी. तिचं मराठी 'भूक लागली' आणि 'आजी रडते' एवढंच. यावेळी दुसरं वाक्य पाठवलं होतं.

मी इंग्रजीत लिहिलं, अगं नवीन टॅब घेऊन दे ना तिला! तर म्हणे घेतला, कपाटात पडलाय. नवीन टॅबवर बोट जरा घसरलं की दुसरंच काहीतरी उघडतं, आणि आंधळ्या बाईला काय उघडलं ते कळत नाही. जुन्या टॅबवर तिच्या मुलाने, एलियाहने, स्वतः एक अ‍ॅप बनवून ठेवलंय. पूर्ण काच म्हणजे एकच बटण. कुठेही हात ठेवा, रोहा लागतं. एलियाह गेला त्याला बरीच वर्षं झाली, त्याच्या लॅपटॉपचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. म्हणजे अ‍ॅपमध्ये काही बदलायचं नावच नको.

फोनवर ऐकवा म्हणावं तर तेही जमत नाही. सूर्य मावळला की काका फोनला हात लावत नाहीत, शब्बाथ, तो शनिवारी सूर्य मावळेपर्यंत. कॅमेरा त्याआधीच चालू करून ठेवतात आणि मग त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. तिकडे घड्याळ अडीच तास मागे, आत्याचा शब्बाथ तोवर लागलेला नसतो, म्हणून तिला टॅबला हात लावता येतो. अशा त्या अडीच तासांच्या फटीत भावाबहिणीने हे बसवलंय! एरवी आठवडाभर ती फोन करते तेव्हा काकांचं एकच — बरा हाय, जेवलो, ठेवतो.

मंगळवार, ८ जुलै

दिवसभर माळ्यावर. मशीन उघडलं तर आत पीओपीचा थर! पुसलं. परत चालू केलं. सगळं तपासलं. काही एक चूक नाही. खाली सासरे विचारतात, "झालं का गो?" दर तासाला. नाही झालं!

गुरुवार, १० जुलै

सापडलं. आणि सापडल्यावर जास्त संताप आला.

दाराआड दोन बिऱ्हाडं असली की येणाऱ्याने दारातच सांगायचं असतं, मी अमक्याकडे आलोय. मग मशीन त्या घरचं ओळखपत्र दाखवतं, ते बरोबर निघालं की पुढचं बोलणं. एलियाहचं अ‍ॅप येतं आणि गप्प उभं राहतं. नावच सांगत नाही! नोंदीत नावाची जागा कोरी. मग मशीन बिचारं काय करणार, पहिलं बिऱ्हाड आमचं म्हणून ते आमचं ओळखपत्र पुढे करतं — सासऱ्यांच्या नावाचं, 'हिरामण मूर्ती कला'. अ‍ॅप ते वाचतं, म्हणतं हे रोह्याचं सिनेगॉग नव्हे, आणि मुकाट्याने परत फिरतं. पोराने अ‍ॅपला दुसऱ्याचं नाव तपासायला शिकवलं, आपण कुणाकडे आलो ते सांगायला नाही शिकवलं. त्याचा तरी काय दोष, तेव्हा रोह्याच्या मशीनवर एकच बिऱ्हाड होतं.

मुळातले नियम काढून वाचले. सुरक्षित जोडणी कशी करायची त्याचे नियम, आणि त्यांना मागून जोडलेल्या पुरवण्या. पुरवण्या ऐच्छिक! कुलूप कसलं, किल्ली कसली, ते सगळं सक्तीचं. आणि कुणाकडे आलात हे सांगणं — ऐच्छिक! सांगितलंत तर बरं, नाही सांगितलंत तरी तुमची मर्जी. हे लिहिणाऱ्यांना एकदा आमच्या कारखान्यात दारावर बसवायला पाहिजे, ऑगस्टमध्ये, मूर्ती न्यायला आलेली गर्दी उभी असताना. बघू किती जण नाव न सांगता मूर्ती घेऊन जातात ते.

शुक्रवार, ११ जुलै

आत्याचा फोन. "बंद हाय गो किमये."

माहीत आहे गं बाई!

सोमवार, १४ जुलै

सोपा उपाय होता. सिनेगॉगला इंटरनेटचा वेगळा पत्ता घ्यायचा, म्हणजे वेगळं दार. नाव सांगायची भानगडच नको. आमची इंटरनेटची लाइन जिते गावच्या हितेशची. त्याला फोन केला. तो म्हणतो, वहिनी, मिळेल की, गणपतीनंतर.

या पेणमध्ये राहून माझं डोकं फिरायची वेळ आलीय. दाताचा डॉक्टर — गणपतीनंतर. गळकं छप्पर — गणपतीनंतर. भांडण मिटवायचंय तरी गणपतीनंतर! मी म्हटलं, हितेश, एक म्हातारी बाई वाट बघतेय रे. तर म्हणतो, सगळे म्हातारेच वाट बघतात वहिनी, तरणे थेट येऊन शिव्या घालतात. वर हसतो.

बुधवार, १६ जुलै

दुसरा उपाय केला. पहिलं बिऱ्हाड सिनेगॉगचं, दुसरं आमचं. जो कोणी नाव न सांगता येईल त्याला रोह्याचं ओळखपत्र दाखवायचं. दोन मिनिटांचं काम. स्वतःवरच खूश झाले.

सकाळी दहाला खालून आरडाओरडा. कारखान्यातलं बिलाचं मशीन बंद. तेही जुनं, तेही नाव सांगत नाही! अलिबागचा टेम्पो भरून उभा आणि बिल निघेना. सासऱ्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. आखणीच्या वेळी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढताना, त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं, आणि इथे तर त्यांनी स्वतःच ब्रश ठेवला. मी पळत माळ्यावर जाऊन सगळं होतं तसं केलं.

गुरुवार, १७ जुलै

सकाळच्या गाडीने रोह्याला गेले. म्हटलं, मरू दे ते मशीन, काकांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करते आणि नोआला पाठवते. आज काही शब्बाथ नाही.

काका अंगणात खुर्चीत बसले होते. आधी नाय नाय म्हणाले, मग खुर्चीतच बसून दोन कडवी म्हटली, मधेच हसले, मला चहा कर म्हणाले. किती छान म्हटलं! आमचं माहेर त्यांच्या भिंतीला भिंत लागून, सिनेगॉग अंगणापलीकडेच, लहानपणी शुक्रवारचा हा आवाज ऐकतच आम्ही जेवायला बसायचो. येताना गाडीत तीनदा ऐकलं.

शुक्रवार, १८ जुलै

आत्याला ते नको आहे! नोआने ऐकवलं तर म्हणाली, हे मुद्दाम म्हटलेलं हाय, बसून म्हटलेलं हाय, मला शुक्रवारचं पायजे. उभ्याने म्हटलेलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मला धर्मातलं कळत नाही, पण देव काय खुर्ची बघतो का? इतका राग आला की फोन ठेवला आणि पोळी करपली.

शुक्रवार, २५ जुलै

आज नोआने रजा काढली, बसने आत्याकडे गेली, स्वतःचा फोन लावून बसली. नोआचा फोन शहाणा, नाव सांगतो. सगळं तयार. मी इथून बघत होते. काकांनी दिवा लावला, टोपी सारखी केली, उभे राहिले —

आणि रोह्याची लाइट गेली!!

परत आली ती सगळं आटोपल्यावर. नोआला पुढचे चारही शुक्रवार ड्युटी.

रविवार, २७ जुलै

काल अंघोळ करताना सुचलं. आधी का नाही सुचलं देव जाणे. एकाच ओळखपत्रावर दोन्ही नावं घालता येतात की! हिरामण मूर्ती कला आणि रोह्याचं सिनेगॉग, दोन्ही एका ठिकाणी. मग नाव न सांगता कुणीही येऊ दे, आत्याच्या टॅबला आपलं नाव सापडेल, बिलाच्या मशीनला त्याचं.

सिनेगॉगचं नाव वापरायचं तर काकांना विचारायला हवं, म्हणून फोन केला. मला वाटलं ते म्हणतील कर गो, मला काय त्यातलं कळतंय. तर म्हणाले, "हिरामणच्या घरात मी जेवलोय. तुझ्या लग्नात नाचलोय. पण आमच्या देवाच्या घराचं नाव मूर्तीच्या नावाला लावून नाय लिहायचं, किमये. ते नाय जमायचं."

मी म्हटलं, काका, तो कागदसुद्धा नाही, कुणाला दिसतसुद्धा नाही! तर म्हणाले, मला ठाऊक राहील ना.

भाऊ तसा, बहीण तशी. एकीला खुर्ची चालत नाही, एकाला मूर्ती.

सोमवार, २८ जुलै

सासऱ्यांना सांगायला नको होतं. सांगितलं. वाईट वाटलं असणार. म्हणाले, ठीक आहे. आणि आखणीला बसले.

गुरुवार, ३१ जुलै

आज आक्रीतच झालं. ऐन हंगामात, रांगेत पन्नासभर मूर्ती डोळ्यांविना बसलेल्या असताना, सासरे हात धुऊन आले आणि म्हणाले, चल रोह्याला. मला वाटलं भांडायला चाललेत. गाडीत नागोठण्यापर्यंत मी आपली काकांची बाजू कशी घ्यायची आणि सासऱ्यांची कशी, दोन्ही मनात जुळवत होते.

काकांनी पाट दिला नाही, खुर्ची दिली, स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. दोघांनी पावसाचं बोलून घेतलं. मग सासरे म्हणाले, "सामाजी, मूर्तीचं नाव नको ना? नुसतं हिरामण लिहिलं तर चालंल?"

काका म्हणाले, "हिरामण चालंल. हिरामण कधी पण चालंल."

मी मधे पडून सांगितलं की असं करता येईल, बिलाच्या मशीनसाठी नवीन नाव घ्यायचं, नुसतं हिरामण, गिऱ्हाइकांची साइट आहे ती तशीच राहील. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. काकांनी घरात जाऊन नारळ आणला आणि सासऱ्यांच्या हातात ठेवला. स्टेशनपर्यंत सोडायला येतो म्हणाले, पण कोपऱ्यावरूनच परत फिरले, पाय दुखतोय म्हणाले.

महिनाभर मी पुरवण्या वाचत बसले होते. मला हे सुचलं नसतं.

मंगळवार, ५ ऑगस्ट

झालं. एका ओळखपत्रावर दोन नावं. बिलाचं मशीन चालतंय. आत्याच्या टॅबसारखी मी इथून खोटी हाक मारून बघितली, नाव न सांगता. उघडलं! माळ्यावर एकटीच नाचले, डोक्याला पत्रा लागला.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आत्याला फोन करून सांगितलं, उद्या नक्की. ती म्हणाली बरं. बस. शाबासकी नको, पण निदान बरं गो म्हणावं की नाही? वर बजावलं — सामाजीला सांगू नको मी ऐकणार हाय म्हणून. का, तर त्याला वाटू दे कुणी ऐकत नाय.

म्हटलं बरं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

माळ्यावर बसून लिहितेय. रोह्यात काकांनी दिवा लावला. समोर नोंदी चालू आहेत. आली! नाव न सांगता आलेली, तिकडून, आत्या! आणि टिकली! परत फिरली नाही! पाच आठवड्यांनी माझ्या जिवात जीव आला. खाली जाऊन सासऱ्यांना सांगितलं, ते हसले, ब्रश नाही ठेवला.

वर आले तर गेलेली. तुटली नाही, तिने स्वतः बंद केलं! दुसऱ्या कडव्याच्या मधेच. काका अजून म्हणतायत, मला इथे स्वच्छ ऐकू येतंय, आणि बाईसाहेबांनी बंद केलं! पाच आठवडे मी मरमर मेले, सासरे हंगाम टाकून रोह्याला गेले, नोआने रजा घातली — आणि हिचं पाच मिनिटांत पोट भरलं! काही नाही, लाडावलीय सगळ्यांनी. उद्या राखीला रोह्याला जाणारच आहे, तिथूनच फोन लावून चांगली सुनावते.

हे काय? आवाज थांबला. काका थांबले. कॅमेऱ्यात दादा दिसतोय. शब्बाथच्या मधे हा आत कसा शिरला, तेही चपला घालून —

शनिवार, ९ ऑगस्ट, पनवेल

आत्याने टॅब बंद केला तो दादाला फोन करायला. शेजारी तोच. म्हणाली, त्याला असशील तसा उचल आणि दवाखान्यात ने, तो नाय म्हणंल, ऐकू नको. दुसऱ्या कडव्यात एक लांब ओळ आहे, त्यांच्या घरात ती एका दमात म्हणायची, बापाने दोघांना छडी घेऊन शिकवलेली. काका मधे श्वास घ्यायला लागले होते. जूनमध्ये एकदा ऐकलं होतं तिने. एकदा, म्हणून खात्री नव्हती. विचारलं तर तो बरा हाय म्हणणार, आणि ती ऐकतेय असं कळलं तर सांभाळून म्हणणार. फोनवर चार शब्दांत काय कळणार, खुर्चीत बसून काय कळणार. आम्ही तर समोर बघत होतो, तरी कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले हृदयाच्या दोन नळ्या पूर्ण बंद, तिसरीही धड नाही. सोमवारी ऑपरेशन. रात्र काढली असती की नाही सांगता येत नाही म्हणाले.

दुपारी तिला फोन लावला. शब्बाथ असूनही तिने उचलला, पहिल्याच रिंगला. मी सगळं सांगायला लागले तर म्हणाली, "तू नको बोलू गो. झोपलाय ना तो? फोन त्याच्या नाकाशी धर."

डाव्या हाताने धरलाय. उजव्याने लिहितेय.